कोळंबीचं फॉस्फटेझ: कॉलेजच्या लॅबने घ्यावं का?

आमच्या एमएस्सीच्या लॅबसाठी एन्झाइमची ऑर्डर मीच काढते. यंदा डीएनएच्या टोकांवरचे फॉस्फेट काढणारं, वासराच्या आतड्यापासूनचं फॉस्फटेझ, म्हणजे सीआयपी, सोडून रिकॉम्बिनंट श्रिम्प अल्कलाइन फॉस्फटेझ, म्हणजे आरसॅप, मागवलं. फार समाधान झालं.

एकाच एन्झाइमने कापलेलं प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारा गोल डीएनए, म्हणजेच व्हेक्टर) लायगेज, म्हणजे डीएनए जोडणारं एन्झाइम, पडताच स्वतःलाच जोडून घेतं. त्याच्या 5 प्राइम टोकांवरचे (डीएनएच्या साखळीच्या एका बाजूच्या टोकांवरचे) फॉस्फेट काढले की ते जमत नाही. इन्सर्ट, म्हणजे त्यात घालायचा डीएनए तुकडा, स्वतःचे फॉस्फेट घेऊन आला तरच जोड बसतो. इथवर सीआयपीही चोख आहे. पण ते थोडं जरी जिवंत राहिलं तरी इन्सर्टचेही फॉस्फेट काढतं, म्हणून जुन्या पद्धतीत ते काढून टाकायला फिनॉल-क्लोरोफॉर्म नाहीतर डीएनए शुद्ध करणारा कॉलम, आणि त्यात डीएनए वाया जातो. आरसॅप थंड समुद्रातल्या कोळंबीचं, पँडॅलस बोरिअॅलिसचं. जीन यीस्टमध्ये घालून बनवतात. ते उष्णतेपुढे टिकत नाही. 37 अंशांवर अर्धा तास, मग 65 वर 5 मिनिटं, की ते कायमचं निकामी. विरार-कर्जतच्या गाड्या पकडणाऱ्या मुलांचं प्रॅक्टिकल वेळेत उरकतं.

मात्र कापणारं एन्झाइमही मरायला हवं. इकोआरवन 65 वर 20 मिनिटांत मरतं. बॅमएचवन उष्णतेने मरत नाही, तिथे कॉलम लागणारच.

खरी परीक्षा कंट्रोल प्लेटवर होते: नुसता व्हेक्टर आणि लायगेज, इन्सर्ट नाही. ते मिश्रण जिवाणूंत घालून प्लेटवर वाढवायचं. आरसॅप न घातलेल्या प्लेटवर जिवाणूंच्या वसाहतींची दाटी. शेजारच्या, आरसॅप दिलेल्या प्लेटवर कुठे एखादी पांढरी टिकली. मुलं दोन्ही प्लेटी उजेडात धरून बघत उभी राहिली. असं दिसलं की फळ्यावरच्या आकृतीची गरज राहत नाही.

तक्रार आहे ती एका डीलरच्या डिलिव्हरीबद्दल. मे महिन्यात डबा आला तेव्हा आइसपॅक पूर्ण वितळलेले, पाकीट कोमट. मी ते परत पाठवलं. हे एन्झाइम उणे 20 वर राहणारं. मुंबईच्या उन्हाळ्यात पार्सल समोर उघडून बघितल्याशिवाय सही करू नका.

किंमत सीआयपीपेक्षा जास्त पडली, तरी कॉलम वाचतात. साध्या प्रायमरने (डीएनएच्या छोट्या तुकड्याने) पीसीआर करून बनवलेला तुकडा न कापता जोडणार असाल, तर त्याच्यावर 5 प्राइम फॉस्फेट नसतातच. दोन्हीकडे फॉस्फेट नसल्यावर काहीच जुळणार नाही. आधी तुकड्याला फॉस्फेट लावणारं एन्झाइम, टी4 पीएनके, वापरा.