२००९ ची पेट्रोल गाडी: पुन्हा पासिंग करून वापरल्यानंतरचा अनुभव

आमची गाडी २००९ च्या दिवाळीत घेतलेली. छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१९ पासिंग, रनिंग दीड लाखाच्या जवळ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्या वयाच्या कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीला लागू पडतं. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली आणि घरात एकच चर्चा सुरू झाली: पुन्हा पासिंग करायचं की नवी घ्यायची? आम्ही पासिंग केलं, साठलेली कामं करून घेतली आणि गाडी पूर्वीसारखीच वापरली. आता तिने एक अख्खा खान्देशी उन्हाळा, एक पावसाळा आणि लग्नसराई काढली आहे. अशा निर्णयाजवळ आलेल्या घरांसाठी हा अनुभव लिहिते आहे.

आम्ही अमळनेरला राहतो. मी शाळेत शिकवते, गाडी मी आणि मिस्टर दोघंही चालवतो. आठवडाभर ती गावात फिरते, महिन्यातून काही वेळा धुळे-जळगाव, वर्षातून एकदा सप्तशृंगी गड आणि नातेवाईकांकडच्या कार्यांना चाळीसगाव, शहादा, कधी कन्नड घाटाच्या वर संभाजीनगर.

आधी एक गैरसमज काढते, कारण आमच्याकडे निम्मे लोक त्यावरच निर्णय घेतात. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' हा नियम आपल्याकडे नाही. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी ही बंदी निघाली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी पाच हजार झाली, त्याआधी सहाशे होती. उशीर केला तर महिन्याला पाचशे रुपये दंड. पर्यावरण कर वेगळा. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांच्या पुढच्या कारला दहा हजार फी केली आहे, म्हणजे पुढचा हिशेब आणखी महाग. अर्ज २५ नंबरच्या फॉर्मवर, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. गाडी जळगावला आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागली. लाईट, इंडिकेटर, ब्रेक, चेसिस नंबर सगळं पाहिलं. चेसिस नंबर आधीच घासून स्वच्छ करून न्या, धुळीखाली तो दिसत नाही आणि हेलपाटा पडतो.

आता गाडीची खरी अवस्था. पासिंगच्या आधी मी ती आमच्या नेहमीच्या फिटरकडे दिवसभरासाठी लावली आणि 'फक्त काय काय गेलंय ते सांगा, काम आत्ता करू नका' म्हटलं. संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं तेच या सगळ्या लेखाचं मूळ आहे.

"ताई, इंजिनले काहीच व्हयेल नई. रबर बठ्ठं गयं." म्हणजे इंजिनला काहीच झालेलं नाही, रबर सगळं गेलं.

कोकणातली किंवा मुंबईची जुनी गाडी पत्र्याने मरते. खारी हवा आणि पाऊस खालून तिला खातात. आमच्याकडे हवा कोरडी, पाऊस बेताचा, त्यामुळे पत्रा टिकतो. आमच्या गाडीच्या दारांखालची पट्टी, जॅक लावायची जागा, स्टेपनीचा खड्डा, पायपुसण्यांखालचा फ्लोअर, सगळीकडे ठोकून पाहिलं, कुठेही पोकळ आवाज नव्हता. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत रबर आणि प्लॅस्टिक म्हातारं होतं. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या जोडातले रबर) फाटले होते, इंजिनच्या माउंटिंग (इंजिनचे रबरी आधार) बसल्या होत्या, रेडिएटरचे होज दाबले की कुरकुरत होते, पेट्रोलच्या नळीला बारीक चिरा होत्या, दारांची बीडिंग कडक झाली होती. टायरची नक्षी चांगली होती, म्हणून आम्ही ते बदलत नव्हतो. फिटरने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर '१८' होतं. सहा वर्षं आमच्या उन्हात तापलेला टायर बाहेरून कितीही चांगला दिसला तरी ओल्या रस्त्यावर धरत नाही.

म्हणून खान्देशात जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना इंजिनचा आवाज ऐकू नका, रबर मोजा. इंजिन तसंही शेवटी जातं, तेल वेळेवर बदललं असेल तर. रबराची कामं स्वस्त असतात, फक्त ती एकदम येतात आणि माणूस घाबरतो.

आम्ही सगळी एकत्र करून घेतली: चार टायर, बुश आणि माउंटिंग, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट, रेडिएटर आणि होज, पेट्रोलच्या नळ्या, बॅटरी. बिल पन्नास हजारांच्या थोडं पुढे गेलं. शोरूममध्ये एक्स्चेंजला तिचे साठ सांगत होते. त्यामुळे घरात आणि शेजारी सगळ्यांचं एकच म्हणणं, साठ हजारांच्या गाडीवर पन्नास हजार कोण घालतं? ही तुलना मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. विकायची नसलेल्या गाडीची बाजारातली किंमत हे माप होऊच शकत नाही. तुलना करायची ती पुढच्या वर्षभराच्या खर्चाशी. नवी छोटी गाडी ऑन रोड सात लाखांना पडते असं धरा, दीड लाख भरून साडेपाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्या, हप्ता साडेअकरा हजारांच्या घरात जातो. म्हणजे पन्नास हजार हे जेमतेम साडेचार हप्ते. त्यावर नव्या गाडीची घसरण: विम्याच्या तक्त्यातच पाचव्या वर्षी किंमत निम्मी धरतात. आमच्या गाडीची घसरण कधीच संपली आहे. विमाही हलका, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ पासून ३,४१६ रुपये अधिक कर आहे. पैशाच्या हिशेबाने बघाल तर नीट पत्र्याची जुनी गाडी ठेवणं जवळजवळ नेहमीच जिंकतं. हे मी ठामपणे सांगते.

वापराचा अनुभव असा. उन्हाळ्यात एकदाही गाडी तापली नाही. पूर्वी आमच्या घरी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची पद्धत होती, सासऱ्यांची, म्हणजे नानांची सवय. आमचं बोअरचं पाणी जड; बादलीला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नवा रेडिएटर बसवल्यापासून फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, आणि काट्याने मधली रेघ सोडलेली नाही. दुपारी दोन वाजता पारोळ्याच्या रस्त्याला एसी लावून चौघं बसलो तरी. एसी थंड व्हायला वेळ घेतो, मागे बसणाऱ्यांना कमीच लागतो, हे मात्र खरं.

गडाला नांदुरीहून वर चढताना दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता गेली. नवीन क्लचमुळे घाटात अर्ध्यावर थांबून पुन्हा उचलायची धास्ती गेली. बुश बदलल्यावर खड्ड्यातला खडखडाट गेला आणि आमच्या मुलीला वाटलं गाडी रंगवून आणली.

एव्हरेज थोडं कमी झालं आहे. पूर्वी रस्त्याला सोळा-सतरा मिळायचं, आता पंधरा-सोळा. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे फरक पडणारच. मला जास्त काळजी नळ्यांची होती. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, आणि आमच्यासारखी २००९ ची गाडी तर फारच जुनी. जुन्या गाडीवाल्यांनी पेट्रोलची नळी आणि फिल्टर आधी बदलून घ्यावेत, ते काम शे-दोनशेचं नाही पण हजारांतही फार वर जात नाही. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

बाकी किरकोळ. आमची गाडी बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आधीची असल्याने पीयूसी सहा महिन्यांनीच काढावी लागते, नव्या गाडीसारखी वर्षाची मिळत नाही. नंबर प्लेटही एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) करून घेतली, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते. सुटे भाग आमच्या मॉडेलचे अजून सहज मिळतात. ज्यांच्या गाडीचे भाग मुंबईहून मागवावे लागतात त्यांचा निर्णय वेगळा होईल, आणि व्हावा.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही तरीही नवी गाडी बघायला लागलो ती.

धुळे-जळगाव रस्ता पूर्वी कसा होता हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारोळा, एरंडोल, पाळधी, सगळीकडे खड्डे आणि ट्रकच्या रांगा. त्या रस्त्यावर कोणीच चाळीसच्या वर जाऊ शकत नव्हतं, म्हणून आमची गाडी पुरायची. चौपदरी झाल्यापासून तोच प्रवास ऐंशी-नव्वदने होतो. वेग चाळीसचा ऐंशी झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकने जिरवायची. आमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. एअरबॅग एकही नाही. मागच्या सीटला मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा आहे. २००९ मध्ये आमच्या बजेटमध्ये असंच मिळायचं. कारला एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग आणि पट्ट्याचा इशारा जुलै २०१९ पासून.

पावसाळ्यात एरंडोलच्या अलीकडे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. नवे टायर होते, अंतर ठेवलं होतं, तरी पुढची चाकं लॉक झाली आणि गाडी सरळ घसरत गेली, स्टिअरिंग फिरवलं तरी वळेना. थांबली, काही झालं नाही. मागे सासूबाई आणि मुलगी होत्या. हे दुरुस्तीने सुटणारं नाही. पन्नास हजारांत मी गाडीतलं सगळं झिजलेलं बदलू शकले, पण जे तिच्यात कधी नव्हतंच ते घालता येत नाही.

त्यामुळे माझं मत असं झालं आहे: गाडी किती जुनी यापेक्षा ती कोणत्या रस्त्यावर, कोणाला घेऊन जाते हे बघा. ज्यांची गाडी गावात, शेतात, बाजारपेठेत फिरते त्यांनी पत्रा शाबूत असेल तर बिनधास्त पासिंग करावं, रबर बदलावं आणि पाच वर्षं वापरावी. ज्यांचं कुटुंब दर आठवड्याला हायवेवर असतं त्यांनी इंजिन चांगलं आहे म्हणून थांबू नये. नाना अजून म्हणतात, "कसाले इकस गाडी? कधी रस्त्यात थांबनी का?" (कशाला विकतेस गाडी, कधी रस्त्यात थांबली का?) त्यांचं खरं आहे, ती कधीच थांबली नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं की नाना, तिच्यावर माझा विश्वास आहे, समोरच्या ट्रकवर नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, नवीन गाडीत मागच्या सीटला पट्टे तिघांना पूर्ण येतात का.

येतात. आम्ही सहा एअरबॅगची आणि भारत एनकॅपची, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे तारे देणारी, चाचणी झालेली गाडी बघतो आहोत. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच देशात होते, तारे बघताना मुलांच्या सुरक्षेचे वेगळे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाल्याने बजेट थोडं वर सरकवता आलं. पासिंगनंतर लगेच नवी घेतली असती तर हा फायदा हुकला असता आणि पैसेही पुरेसे साठले नसते. म्हणून ते पन्नास हजार मला वाया गेलेले वाटत नाहीत.

जुनी गाडी भंगारात देणार नाही. नोंदणीकृत केंद्रात स्क्रॅप केली तर प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या रस्ता करात सवलत मिळते, ज्यांच्या गाडीचा पत्रा गेलाय त्यांनी ती वाट जरूर बघावी. आमची अजून २०२९ पर्यंत पास आहे आणि गावातल्या गावात उत्तम चालते. नात्यातल्या एकांना दुकानाच्या कामाला हवी आहे, त्यांना देतो आहोत. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्यांच्या नावावर झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, हे मात्र नात्यातही पाळणार आहोत, कारण नाव आपलं राहिलं तर चलनापासून अपघातापर्यंत सगळं आपल्याच दारात येतं. नो क्लेम बोनसचं (विम्याचा दावा न केल्याने मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र विमा कंपनीकडून आधीच मागून ठेवलं आहे. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीच्या पहिल्या विम्यात वापरता येतो. शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा.