‘ओरखडा गायब’ करणाऱ्या बाटल्या विकणाऱ्यांपासून सावध राहा

पार्किंगमध्ये गाडी लावली की एखादा माणूस फडकं नि बाटली घेऊन जवळ येतो, ‘मॅडम, एक मिनिट, फुकट दाखवतो’ म्हणतो आणि बंपरवरची पांढरी रेघ डोळ्यांदेखत पुसून टाकतो. याच पद्धतीला भुलून मी त्या माणसाकडून बाटल्यांचा सेट घेतला, माझे पैसे गेले आणि गाडीच्या रंगाचं नुकसान झालं ते वेगळंच. त्याने हे सगळं कसं जमवलं, ते नंतर डेंटिंग-पेंटिंगच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला उलगडून सांगितलं. हीच युक्ती व्हिडिओंमधूनही सर्रास चालते, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी त्याने निवडलेली जागा बघा. माझ्या गाडीच्या मागच्या दारावर खोल ओरखडा होता. नख फिरवलं तर अडकायचं. तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट बंपरच्या कोपऱ्याकडे गेला, जिथे भिंतीला घासल्याची खूण होती. औषध फडक्यावर घेतलं, अंगठ्याने दाबून घासलं आणि खूण गेली, खाली चकचकीत रंग. कोणाचाही विश्वास बसावा असंच ते दृश्य होतं. पण तिथे आमच्या गाडीचा रंग निघालाच नव्हता, भिंतीचा रंग वर चिकटून बसला होता. असा वरून चिकटलेला रंग साध्या कंपाउंडनेही (रंग घासून साफ करायच्या पेस्टनेही) निघतो. खऱ्या ओरखड्यात गाडीचा रंग गेलेला असतो आणि गेलेला रंग कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

मग तो बॉनेटकडे वळला. चुकीच्या फडक्याने गाडी पुसली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, तसे तिथे होते. त्याने वीतभर जागेवर पेस्ट चोळली, दुसऱ्या फडक्याने पुसली, चरे नाहीसे! त्या पेस्टमध्ये तेल, सिलिकॉन नि मेण असतं. ते चऱ्यांत भरून बसतं, त्यामुळे प्रकाश तिथे विखुरत नाही आणि पृष्ठभाग सपाट दिसतो. ओल्या गाडीवर चरे दिसत नाहीत, त्याचं कारणही हेच. एक-दोनदा शाम्पूने धुतली की भरलेलं सगळं वाहून जातं. माझ्या बॉनेटवर तर चरे परत आलेच, शिवाय पेस्टमधल्या खरखरीत कणांनी नवे गोल गोल व्रण उमटवले. गडद रंगावर ते फारच उठून दिसतात.

शेवटचा खेळ आगीचा. बॉनेटवर लायटरचं द्रव शिंपडून पेटवलं, ज्वाळा विझली, पुसलं तर रंग जसाच्या तसा. ‘बघा, सिरॅमिकची ताकद!’ (सिरॅमिक म्हणजे रंगावर लावायचा कडक संरक्षक थर.) खरं तर जळते ती द्रवाची वाफ, तीही पृष्ठभागाच्या वर आणि काही सेकंदच. कारखान्यात गाडीचा रंग साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे काहीही न लावलेल्या बॉनेटवरसुद्धा बहुतेकदा हेच दिसेल. कृपा करून कोणी करून बघू नका. त्याच्या बाटलीवरचा ‘9एच’ हा शिक्काही असाच. तो पेन्सिलने रेघ ओढून करायच्या चाचणीतला आकडा आहे, हिऱ्या-दगडांच्या काठिण्याशी त्याचा संबंध नाही. धुळीतला वाळूचा कण त्या थरावरही चरा पाडतो.

त्या विकणाऱ्याला फोन केला तेव्हा आधी ‘तुम्ही नीट लावलं नसेल’ असं उत्तर मिळालं, मग फोन लागेनासा झाला. बाटल्यांवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक नाहीत, सुरक्षिततेची सूचना नाही. एवढ्यावरूनही माल ओळखता येतो.

मिस्त्रींनी टॉर्च तिरपा धरून बॉनेट दाखवलं आणि म्हणाले, ‘ताई, वरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा. माणसाच्या केसाहूनही पातळ. प्रत्येक घासणीत त्यातलाच थोडा जातो.’ मशीनने पॉलिश करून त्यांनी बरेचसे व्रण काढले, पण त्यासाठी पुन्हा तोच थर झिजवावा लागला. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पैसे परत मिळवता येतात, तो थर नाही.

कोणी असं काही दाखवायला आलं तर दोन गोष्टी करा. नख अडकतंय त्या ओरखड्यावर दाखव म्हणा. आणि पुसून झालेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याच्यासमोर पुसा; भरलेलं तेल-मेण निघतं आणि चरे पुन्हा वर येतात. अस्सल सिरॅमिक कोटिंग लावणारा आधी गाडी धुतो, चिकटलेले लोहकण नि डांबर काढतो, पॉलिश करतो, मग कोटिंग लावून ते पक्कं होईपर्यंत गाडी कोरडी ठेवायला सांगतो. पार्किंगमध्ये धुळीवरच फवारून पुसलेलं ते सिरॅमिक कोटिंग नव्हे.

घरच्या घरी धुवायला कारचा न्यूट्रल पीएचचा (आम्लही नाही, क्षारही नाही असा) शाम्पू, दोन बादल्या नि स्वच्छ मायक्रोफायबर पुरतं. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, हातातला मऊ मिट (गाडी धुवायचा हातमोजा) दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. सावलीत, वरून खाली. भांड्यांचा साबण नको, मेणाचा थर उतरवतो.

त्याच सेटमधल्या चाकं धुवायच्या बाटलीबद्दल मात्र कळकळीने सांगते. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास आला आणि अलॉयच्या (मिश्रधातूच्या) चाकांवर पडताच फेसाळून पांढरे डाग उमटले. चाकांच्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते त्वचेतून आत शिरतं आणि सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, म्हणून माणूस गाफील राहतो. घटक न छापलेली अशी बाटली तुमच्याकडे असेल तर ती वापरू नका, दुसऱ्या कशात मिसळू नका, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ओतून ठेवू नका. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. अंगावर उडालीच तर लगेच भरपूर पाण्याखाली धुवा आणि दुखत नसलं तरी बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.