आईसाठी संधिवाताचं अ‍ॅप वापरतोय, बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे, बरीच वर्षं झाली. ती साताऱ्याला, डॉक्टर पुण्यात आणि मीही पुण्यात. गेल्या पावसाळ्यात क्लिनिकमधूनच हे अ‍ॅप टाकून दिलं. रोज दुखणं शून्य ते दहा मध्ये भरायचं, सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात ते भरायचं, चित्रातले सुजलेले सांधे टॅप करायचे, शिवाय औषधांचे रिमाइंडर. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला जे म्हणायचंय ते एका अ‍ॅपपुरतं नाहीच.

फायदा झाला, तो आधी सांगते. डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की आई "बरंय" म्हणणार, आणि मधल्या तीन महिन्यांत काय काय भोगलं ते घरी येताना गाडीत सांगणार. आता निदान समोर ग्राफ असतो, त्यावरून एकदा औषध बदललं आणि त्याने तिला खरंच आराम पडला.

पण काही गोष्टी चालवून घेण्यासारख्या नाहीत. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर तोंड येण्यापासून ते रक्तातल्या पेशी घसरण्यापर्यंत जीवावर बेतू शकतं, आणि या अ‍ॅपमध्ये कुठलंही औषध टाकलं की रिमाइंडर आपोआप "रोज" वर जातो. मी सेट करताना बघून वार टाकला, पण घरात एकटं असणारं माणूस फोन सांगतोय म्हणून गोळी घेईल ना! संधिवाताच्याच पेशंटसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये हे असं कसं राहतं? दुसरं म्हणजे चित्रात २८ सांधे आहेत, आजार किती जोरात आहे हे बघायला डॉक्टर जो डीएएस-२८ स्कोअर काढतात त्यातलेच, आणि त्यात घोटे आणि पावलं येत नाहीत. आईचं निम्मं दुखणं पावलांत. त्यामुळे तिला चप्पल घालवत नव्हती त्या आठवड्यातही स्क्रीन हिरवीच. डॉक्टर पाऊल हातात घेऊन दाबून बघतात म्हणून त्यांना कळतं.

परवानगीचा प्रकार तर फारच वाईट. पहिल्याच दिवशी इंग्रजीत लांबलचक मजकूर, खाली एक टिक, टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि त्यात माहिती "पार्टनर"ना देऊ असं लिहिलेलं, कोण पार्टनर ते नाही. विमा कंपनी, औषध कंपनी, कोणीही असू शकतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे की संमतीची सूचना मराठीसकट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळायला हवी, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं. इथे द्यायला एक टिक आणि काढायला ईमेल. आईला वाचता येतं, समजतं, ती नीट विचार करून हो किंवा नाही म्हणाली असती, पण तिला कोणी विचारलंच नाही, ओटीपी माझ्या फोनवर आला आणि झालं.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते वेगळंच. अ‍ॅपमध्ये घरच्यांना आकडे दिसायची सोय आहे, ती चालू होती. दिवाळीत घरी गेले तर आईला सकाळी चहाचा कप एका हाताने धरवत नव्हता, दोन्ही तळव्यांत धरून पीत होती, आणि अ‍ॅपमध्ये त्या दिवशी चार. विचारलं तर म्हणाली, "अगं तुला तिथे दिसतं ना, ऑफिसात बसून काळजी करत बसशील." म्हणजे ती माझ्यासाठी दुखणं कमी करून लिहीत होती आणि डॉक्टर त्याच आकड्यांवर डोस ठरवणार होते! लक्ष ठेवलंय म्हटलं की माणूस खरं लिहीत नाही, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आधी धरायला हवं. माझं बघणं मी बंद केलं, तिच्यासमोर. त्यानंतर एका रात्री तिने नऊ टाकलं.

आणि ते नऊ कोणी बघितलंच नाही. दोन दिवसांनी तिने स्वतः फोन केला तेव्हा कळलं. क्लिनिकला विचारलं तर म्हणाले, डेटा अपॉइंटमेंटच्या वेळी बघतो. मग रोज का भरून घेता? म्हातारं माणूस दुखऱ्या बोटांनी रात्री आकडा टाकतं तेव्हा पलीकडे कोणीतरी आहे असंच समजून टाकतं ना. कोणी बघणार नसेल तर तसं मोठ्या अक्षरात, मराठीत, पहिल्याच स्क्रीनवर लिहा.

बंद केलेलं नाही, आईला लिहायची सवय झालीये आणि तिला ते आवडतंही. पाचपैकी तीन देईन. तुमच्या घरी कोणासाठी घेणार असाल तर क्लिनिकला आधी विचारा की हे कोण बघतं, कुठल्या वारी बघतं आणि रात्री दुखणं वाढलं तर फोन कुठे करायचा, आणि घरच्यांना दिसावं की नाही ते ज्याचं दुखणं आहे त्यालाच ठरवू द्या. आमच्या क्लिनिकने बरंच भांडल्यावर एक नंबर दिलाय आणि सिस्टर सोमवारी-गुरुवारी आकडे बघतात. पार्टनरची यादी मागणाऱ्या ईमेलला कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.