नीसहून एका दिवसात मोनॅको : मुलाबाळांसह जाणाऱ्यांसाठी

मोनॅको म्हणजे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा देश. नकाशा बघून वाटतं, सगळं पायी सहज उरकेल. गणित चुकतं ते इथेच, कारण हा देश आडवा कमी आणि उभा जास्त आहे. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारी जागा प्रत्यक्षात पाच-सहा मजले वर निघते. रस्त्यारस्त्यांना जोडणाऱ्या सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेही फुकट. बाबागाडी असेल तर दिवस त्यांच्या भरवशावरच आखा.

फ्रान्समधल्या नीस शहराच्या नीस-व्हिल स्टेशनवरून मेंतों किंवा व्हेंतिमिल्याकडे जाणारी टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेगाडी, पंचवीसेक मिनिटांत पोचवते. तिकीट माणशी पाच युरोच्या आसपास. उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूला आहे. मोनॅकोचं स्टेशन डोंगराच्या पोटात असून बाहेर पडायच्या वाटा वेगवेगळ्या उंचीवर निघतात, त्यामुळे पाटी न वाचता दिसेल त्या दाराने बाहेर पडू नका. सकाळी आधी जुन्या गावाकडे, म्हणजे 'रोशे'कडे जायचं. १ आणि २ नंबरच्या बस थेट वर जातात. खालच्या प्लास दार्म चौकातून राजवाड्याकडे जाणारा चढ मोठ्यांना ठीक, बाबागाडीला मात्र जाच.

पैसे मोजून बघण्यासारखं एकच ठिकाण निवडायचं असेल, तर ते सागरी संग्रहालय. प्रिन्स आल्बेर पहिला यांनी उभारलेलं हे संग्रहालय १९१० साली खुलं झालं. १९५७ पासून तीसेक वर्षं सागर-संशोधक जाक कुस्तो इथले संचालक होते. मत्स्यालय खालच्या मजल्यांवर आहे. त्यात भूमध्य समुद्राचे आणि उष्ण समुद्रांचे भाग वेगळे केलेत. मुलं शार्कच्या टाकीसमोरून हलत नाहीत, पण वर देवमाशांचे सांगाडे टांगलेलं दालन आहे आणि त्याच्याही वर गच्ची, ती चुकवू नका. दोन तास हवेतच. मोठ्यांचं तिकीट वीस युरोच्या घरात जातं. महाग, पण वसूल.

संग्रहालय उघडताच आत शिरून थोडं आवरतं घेतलंत तर राजवाड्यासमोरची पहारेकऱ्यांची बदली सापडते. ती ठीक ११:५५ ला होते आणि काही मिनिटांत संपते. दहा मिनिटं आधी पोचणाऱ्या मुलांना फक्त पाठी दिसतात; साडेअकराला कठड्याशी उभं राहिलेलं बरं. जवळच्या कॅथेड्रलमध्ये हॉलिवूड अभिनेत्री आणि मोनॅकोची राणी झालेल्या ग्रेस केली यांची कबर आहे. प्रवेश फुकट, मात्र खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

जेवण वर उरकू नका. खाली कोंदामीनच्या मंडईत बार्बाज्युआँ मिळतं : पालेभाजी आणि रिकोटा चीज भरून तळलेलं, बाहेरून फोडाफोडाचं, खुसखुशीत. शाकाहारी असलात तरी सारणात अंडं आहे का, ते विचारून घ्या. चण्याच्या पिठाचा सोक्काही मिळतो. तो भट्टीतून निघताच खावा, गार झाला की चामट होतो.

दुपारी बंदर. पलीकडच्या काठाला नेणारी छोटी बोट-बस मुलांना अलिशान नौकांपेक्षा जास्त आवडते. ग्रां प्री या मोटारशर्यतीचा ३.३३७ किलोमीटरचा मार्ग म्हणजे हेच रोजचे रस्ते. सेंट देव्होत चर्चपाशी पहिलं वळण, तिथून चढ थेट कॅसिनोपर्यंत. शर्यतीच्या आधीचे काही आठवडे इथे कुंपणं आणि प्रेक्षकांचे मंच असतात, चालणं वैतागाचं होतं. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत टाळा.

कॅसिनोबद्दल स्पष्टच सांगायचं तर कुटुंबाला तिथे चौक बघितला की पुरे. इमारत वास्तुकार शार्ल गार्निए यांची, देखणी आहे, पण जुगाराच्या दालनांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. चौकातल्या कॅफेत बसलात तर कॉफीपेक्षा जागेचेच पैसे जास्त.

त्यापेक्षा लार्व्होतोचा किनारा गाठा. फुकट आहे, मात्र खडीचा, तेव्हा पाण्यात चालतील अशा चपला हव्यात. किनारा सोडून गावात उघड्या अंगाने किंवा अनवाणी फिरायला मनाई आहे.

मोनॅको युरोपीय संघात नाही. त्यामुळे 'युरोप'चा रोमिंग पॅक इथे चालेलच असं नाही. पॅकमधल्या देशांच्या यादीत मोनॅको नसेल तर स्टेशनवरच मोबाईल डेटा बंद करा. परतीला पाच ते साडेसहा टाळा. त्या वेळी कामावरून फ्रान्सला परतणाऱ्यांची झुंबड असते आणि टीईआरमध्ये आसनं राखीव नसतात.