क्रूझच्या बोर्डिंगच्या दिवशी टर्मिनलवरून परत यावं लागलं, एजंटने बुकिंग परस्पर कॅन्सल केलं होतं

हे लिहायला मला दोन महिने लागले कारण आठवलं की अजून पोटात कालवतं, पण आता सुट्ट्या जवळ आल्यात आणि परत तशाच जाहिराती दिसायला लागल्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण ज्यांनी कुणी एजंटकडून क्रूझ बुक केलीय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही नाशिकचे. डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं नोकरी, लोकांना गावोगाव पोचवलं पण स्वतः फिरायला म्हणून कधी बाहेर पडले नाहीत, समुद्रात गेले ते एकदाच, घारापुरीच्या लाँचने. म्हणून मी आणि नवऱ्याने ठरवलं की त्यांना मुंबई गोवा मुंबई क्रूझला न्यायचं. आम्ही दोघं, मुलगा आणि आईबाबा, पाच जण, दोन केबिन.

एजंट मिळाला इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून. नंतर कळलं की आमच्या ओळखीतल्या एकांनीही त्याची पोस्ट ग्रुपवर टाकली होती, म्हणजे त्यांनी त्याच्याकडून काही बुक केलेलं नव्हतं, नुसतं फॉरवर्ड केलेलं, पण मला ते ओळखीतलं वाटलं. माणूस बोलायला एकदम व्यवस्थित, ताई ताई करून बोलायचा, मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायचा. क्रूझ कंपनीच्या साईटपेक्षा त्याचा रेट साधारण ११,००० ने कमी होता. एजंटला कमिशन मिळतं, त्यातलं थोडं तो आपल्याला सोडतो, हे खरंच होतं आणि कितीतरी प्रामाणिक एजंट तसं करतात, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. एकूण १,३२,००० ठरले. सप्टेंबरमध्ये ४०,००० टोकन दिलं, यूपीआयने. समोर नाव आलं ते एका व्यक्तीचं, त्याच्या ट्रॅव्हल्सचं नाही. मी विचारलं तर म्हणाला, ताई करंट अकाउंटला लिमिट लागलंय, हे माझ्या पार्टनरचं खातं आहे. इथे मी थांबायला हवं होतं.

पण पुढे जे झालं त्याने माझी खात्री पटली. त्याच संध्याकाळी कंपनीच्या फॉरमॅटमध्ये कन्फर्मेशनची पीडीएफ आली, बुकिंग नंबरसकट. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, नंबर त्यांच्या ऑफिशियल साईटवरूनच घेतला होता, आणि तिथून सांगितलं की हो मॅडम, दोन केबिन, पाच पॅसेंजर, बुकिंग कन्फर्म आहे. नावं पण बरोबर सांगितली. मग काय, त्याच आठवड्यात उरलेले ९२,००० भरून टाकले.

बुकिंग त्या दिवशी खरंच होतं. एजंटने स्वतःच्या पैशाने ॲडव्हान्स भरून आमच्या नावाने बुकिंग केलं, पण त्यात मोबाईल आणि ईमेल स्वतःचा टाकला. आमचे पूर्ण पैसे हातात आल्यावर ते कॅन्सल केलं. जहाज सुटायला जितके जास्त दिवस बाकी तितका कॅन्सलेशनचा दंड कमी असतो, त्यामुळे त्याचा ॲडव्हान्स थोडा कट होऊन त्याला परत मिळाला आणि आमचे सगळे पैसे त्याच्या खिशात राहिले. कॅन्सलेशनचा मेल आणि मेसेज गेला तो त्याच्याकडेच. आम्हाला कसं कळणार?

नोव्हेंबरच्या शेवटी मी बोर्डिंगच्या दिवसाची तयारी करायला घेतली. मला सगळं आधी लिहून काढायची सवय आहे. सकाळची पंचवटी, सीएसएमटीला उतरून फोर्टमध्ये जेवण, मग टॅक्सीने बॅलार्ड पियर, एक ते दोनचा बोर्डिंग स्लॉट. सगळ्यांची ओरिजिनल आधार कार्डं एका पाऊचमध्ये, आईच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला वेळ लागतो, बाबांचा स्वेटर वर. आणि यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेब चेक-इन. कंपनीच्या साईटवर बुकिंग नंबर टाकला तर बुकिंग सापडत नाही असं आलं. परत टाकला, तेच. त्याला फोन केला तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "ताई तुमचं बुकिंग ग्रुपमध्ये शिफ्ट केलंय, ते ऑनलाईन दिसत नाही. तुम्ही वेब चेक-इन करू नका, डबल एन्ट्री झाली तर सिस्टम दोन्ही उडवतं. आपला माणूस ग्रीन गेटजवळ उभा असेल, बोर्डिंग पास हातात देईल."

हे वाक्य मी मुद्दाम शब्दाला शब्द लिहितेय. तुम्हाला कुणी असं म्हणालं, कुठल्याही शब्दात, की तुम्ही स्वतः चेक-इन करू नका, तर त्याच मिनिटाला कंपनीला परत फोन लावा. मी सप्टेंबरमध्ये एकदा लावला होता म्हणून परत लावला नाही.

चार दिवस आधी त्याने बॅगांचे टॅग पाठवले, पीडीएफमध्ये, वर जहाजाचं चित्र, खाली डेक नंबर, केबिन नंबर, आमची नावं. मी ते कलर प्रिंट काढून लॅमिनेट केले. आदल्या रात्री बाबा ते बॅगांना सुतळीने बांधत होते आणि एक टॅग उलटसुलट करून बघत म्हणाले, यावर तो काळ्या रेघांचा कोड कुठे आहे ग, आमच्या साध्या तिकिटाला पण नंबर असायचा आणि तो वे-बिलात लिहावा लागायचा. मी म्हटलं बाबा आता सगळं मोबाईलवर असतं. ते गप्प बसले.

त्याच रात्री पावणेदहाला त्याचा मेसेज आला की पोर्ट चार्जेस वाढलेत, माणशी १,४५० आत्ता भरावे लागतील नाहीतर स्लॉट जाईल. पाच जणांचे ७,२५०. बॅगा भरलेल्या, मुलगा झोपलेला, सकाळची गाडी. भरले मी. पोर्ट चार्जेस हा प्रकार खरा असतो म्हणूनच ते पटलं, पण तो बुकिंगच्या बिलात भाडं, टॅक्स यांच्यासोबत लिहिलेला असतो, आदल्या रात्री कुणाच्या यूपीआयवर मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आम्ही ग्रीन गेटपाशी. त्याचा माणूस नाही. फोन वाजत होता, उचलत नव्हता, मग मेसेज आला पाच मिनिट ताई, मग फोन बंद. तिथे बॅगा घेणाऱ्या मुलाने आमची बॅग ओढली आणि टॅग बघून विचारलं, हा कुठला टॅग? बाकी लोकांच्या बॅगांना त्यांचेच लोक बारकोडचं स्टिकर लावत होते. नवऱ्याने पीडीएफ दाखवली, मग तिथल्या लोकांनी मला एकटीला काउंटरवर नेलं. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, परत टाकला, मग माझं नाव टाकलं, आणि मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन ओळी होत्या. स्टेटस कॅन्सल्ड. खाली सप्टेंबरची तारीख, मी ९२,००० भरल्यानंतर सहाव्या दिवसाची. बुकिंगवर फक्त ॲडव्हान्स भरलेला होता, पूर्ण पैसे कधी भरलेच नव्हते. मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे तिने दाखवले, ते आमच्यापैकी कुणाच्याच नंबरचे नव्हते.

मी तिला म्हटलं आत्ता पैसे भरते, आमची नावं टाका. ती मुलगी चांगली होती, मला पाणी दिलं, पण म्हणाली केबिन शिल्लक नाहीत आणि असती तरी पॅसेंजरची यादी बंद झालीय. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर नीट वाचलं. जहाज सुटायच्या आधी चढलेल्या प्रत्येक माणसाची मोजणी झालेली असावी लागते, तसा समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज बुडालं आणि ३२ माणसं गेली, त्यातले बरेच जण त्याच दिवशी चढलेले आणि त्यांचं सुरक्षेचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं, तेव्हापासून नियम आणखी कडक झाले, प्रात्यक्षिकसुद्धा आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं. त्यात बंदर म्हणजे सीआयएसएफच्या पहाऱ्यातली जागा. यादीत नाव नसलेल्या माणसाला आपला माणूस आत घेऊन जाईल ही गोष्टच मुळात शक्य नाही. एजंट असं म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय, दुसरा अर्थ नाही.

बाहेर आले तर आई बॅगेवर बसली होती, नवी साडी नेसून, आणि मुलगा विचारत होता जहाज कुठून दिसतं. मला सांगताच येईना. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि एकही शब्द न बोलता बॅगांचे टॅग सोडायला लागले, सुतळीची गाठ नखाने सोडवून, तोडून नाही. चारही टॅग घडी न पाडता आधारच्या पाऊचमध्ये ठेवले आणि म्हणाले, हे लागतील.

तिथल्या तिथे फूटपाथवरून नवऱ्याने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला. तक्रार नोंदवताना बँकेचं नाव, तारीख, रक्कम आणि यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर विचारतात, तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. सप्टेंबरचे १,३२,००० त्या खात्यातून कधीच निघून गेलेले होते. आदल्या रात्रीचे ७,२५० मात्र पुढच्या खात्यात सापडले आणि होल्ड झाले. म्हणजे तासांचा फरक किती असतो बघा. त्याच वेळी माझ्या डोळ्यासमोर व्हॉट्सॲपवरचे त्याचे कालपासूनचे मेसेज एकेक करून डिलीट व्हायला लागले. मी घाईने उरलेलं चॅट एक्स्पोर्ट केलं, पण आदल्या रात्रीचा पोर्ट चार्जेसचा मेसेज गेला तो गेलाच. त्यामुळे काही गडबड वाटली तर त्याच्याशी भांडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, स्क्रीनशॉट काढा, मग बोला.

संध्याकाळच्या पंचवटीने परत आलो, जनरलच्या डब्यात. कसारा येईपर्यंत बाबा उभे होते.

नाशिकला सायबर पोलीस स्टेशनला गेलो. एजंटने पत्ता ठाण्याचा दिलेला, पैसे दुसऱ्या राज्यातल्या खात्यात, फसवणूक कळली मुंबईत, तर मला वाटलं आता इकडून तिकडे फिरवतील. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, हे आधी माहीत असलं की आपण ठामपणे बोलू शकतो. तिथल्या मॅडमनी बाबांचे टॅग सुद्धा पुरावा म्हणून घेतले.

मॅडमनीच त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर बघितला आणि लगेच बोट ठेवलं. पंधरा अक्षरी नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. याच्या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली, आणि पत्ता ठाण्याचा! जीएसटीच्या सरकारी साईटवर तो नंबर टाकला तर हार्डवेअर सामानाच्या कुठल्यातरी दुकानाचं नाव आलं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक मिनिट लागतो. मी ४०,००० देण्याआधी तो एक मिनिट दिला असता तर.

ज्यांचं बुकिंग ऑलरेडी झालंय त्यांच्यासाठी, मी आता जे सगळ्यांना सांगतेय ते असं की कंपनीला फोन करून नुसतं कन्फर्म आहे का हे विचारू नका, पूर्ण पैसे जमा आहेत का आणि बाकी किती ते विचारा, आणि बुकिंगवर मोबाईल, ईमेल कुणाचा आहे ते विचारून स्वतःचा टाकून घ्या. हे एकदा नाही, शेवटचा हप्ता भरल्यावर परत, आणि चेक-इन सुरू झालं की परत. शक्य असेल तर पैसे कंपनीच्याच पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डने भरा, एजंटने बुकिंग करून दिलं तरी कंपनीची लिंक मागता येते, आणि कार्ड असलं की पुढे काही झालं तर बँकेकडे डिस्प्युट टाकता येतो. एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआय केल्यावर आपल्या हातात फार काही राहत नाही.

होल्ड झालेले ७,२५० सोडवायचं काम चालू आहे. बाकीच्या पैशांचं अजून काही नाही.

हे सगळं मी आधी आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, तिथून ते फिरत फिरत संगमनेरच्या एका ताईंपर्यंत गेलं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांचं सेलिंग बारा दिवसांवर होतं, एजंटचं नाव वेगळं, नंबर वेगळा, टॅग तेच, जहाजाचं चित्रसुद्धा तेच. त्यांनी कंपनीला फोन लावला, बुकिंग कॅन्सल झालेलं होतं. शेवटचा हप्ता त्यांनी दोनच दिवसांपूर्वी भरला होता, त्यातले काही पैसे तरी होल्ड झाले. त्यांना आलेला मेसेज त्यांनी मला पाठवला, "ताई तुमचं बुकिंग ग्रुपमध्ये शिफ्ट केलंय, ते ऑनलाईन दिसत नाही." तो स्क्रीनशॉट मी काल माझ्या पुरवणी जबाबाला जोडून दिला.