मागोमे ते त्सुमागो: सामान गाडीने, माणसे पायी

बडोद्यात जपानच्या सहलीची चौकशी केली की हातात पडणारा कागद बहुधा एकाच छापाचा असतो: तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका, सात रात्री आणि रोज सकाळी आठच्या आत बसमध्ये. शहरातून बुलेट ट्रेनचा पूल उभा राहिल्यापासून तर जपान म्हणजे वेग, हे डोक्यात पक्केच बसले आहे. ज्यांना रमतगमत डोंगर पाहायचे आहेत, सोबत साठीच्या पुढचे कोणी आहे आणि गाइडच्या झेंड्यामागे धावायचे नाही, त्यांच्यासाठी त्याच देशात तीन वेगळ्या सोयी आहेत: सामान पुढे पोचवण्याची, घरगुती मुक्कामाची आणि स्वयंसेवक वाटाड्यांची. हे परीक्षण त्यांचे.

एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला डोंगरातून जाणारा नाकासेंदो नावाचा जुना रस्ता होता. त्यावर ६९ मुक्कामाची गावे होती. त्यांपैकी ४२वे त्सुमागो आणि ४३वे मागोमे ही किसो खोऱ्यातली गावे आजही जुन्या रूपात उभी आहेत. दोहोंमधली सुमारे ८ किलोमीटरची पायवाट चालायला अडीच ते तीन तास लागतात. त्सुमागोच्या लोकांनी १९६८ पासून घरांची डागडुजी सुरू केली आणि १९७१ मध्ये घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही असा गावाचा नियम केला. मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत आणि दिवसा गाड्यांना बंदी असते. हे दृश्य सरकारी पैशापेक्षा गावकऱ्यांच्या हट्टातून टिकले आहे, आणि पाहुण्यांसाठीच्या सोयींतही तोच नेटकेपणा आहे.

यातली सर्वांत चांगली सोय सामानाची. मागोमेच्या पर्यटन कार्यालयात सकाळी साडेआठ ते साडेअकरा या वेळात बॅग द्यायची, नगाला १,००० येन रोख भरायचे, पावती घ्यायची. दुपारी एकनंतर ती त्सुमागोच्या कार्यालयात मिळते. पाचला कार्यालय बंद होते. उलट्या दिशेनेही हीच सोय आहे. ती मार्चच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालते, बर्फाच्या महिन्यांत बंद असते. बॅग कार्यालयापर्यंतच जाते, मुक्कामाच्या घरी पोचत नाही, हे लक्षात ठेवून त्सुमागोत आधी कार्यालय गाठावे आणि मग घर शोधावे.

गडबड होते ती साडेअकराच्या वेळेवरून. तोक्योहून त्याच दिवशी निघायचे म्हटले तर नागोयापर्यंत शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, पावणेदोन तास, तिथून शिनानो एक्सप्रेसने नाकात्सुगावाला सुमारे ५० मिनिटे आणि पुढे मागोमेची बस सुमारे २५ मिनिटे. कागदावर हे जमते, पण एक गाडी चुकली की सामान पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागतो. म्हणून आदल्या रात्री नागोयात किंवा नाकात्सुगावात राहणे हाच शहाणपणा. शिवाय मागोमेची बस गावाच्या पायथ्याशी सोडते आणि पुढे दगडी फरसबंदीचा खडा चढ आहे. मोठी चाकांची बॅग त्या दगडांवर ओढत नेणे म्हणजे चाके मोडून घेणे.

मोठी ट्रंक तिथवर न्यायचीच नाही. जपानभर चालणारी ताक्युबिन ही घरपोच सामानसेवा यासाठीच आहे. यामातो कंपनीने ती १९७६ मध्ये सुरू केली. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे तिचे चिन्ह. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कोपऱ्यावरच्या कोनबिनी म्हणजे किरकोळ वस्तूंच्या दुकानात ट्रंक द्यायची आणि पुढच्या हॉटेलचा पत्ता, बुकिंग ज्या नावाने आहे ते नाव आणि पोचण्याची तारीख लिहायची. लांबी, रुंदी व उंचीची बेरीज आणि वजन यांवर दर ठरतो. १६० सेंटिमीटरच्या वर्गात २५ किलोपर्यंत चालते. विमानाची २३ किलो आणि १५८ सेंटिमीटरची ट्रंक त्यात बरोबर बसते, त्यामुळे अहमदाबादला चेक-इन झालेली बॅग इथे अडत नाही. साधारण दुसऱ्या दिवशी ती पोचते, पण डोंगराच्या प्रवासात एक दिवस हाताशी ठेवलेला बरा. पासपोर्ट, रोकड आणि औषधे ट्रंकेत टाकू नयेत. सर्वांत जास्त चूक होते ती नावाची: बुकिंग मुलाच्या नावाने आणि चिठ्ठीवर वडिलांचे नाव असले, तर हॉटेलवाले पार्सल कोणाचे म्हणून घोळ घालत बसतात. चिठ्ठीवर बुकिंगचेच नाव इंग्रजीत जसेच्या तसे लिहावे.

मोठी ट्रंक थेट पुढच्या मुक्कामाच्या शहराला, मात्सुमोतोला किंवा क्योतोला, पाठवायची आणि खोऱ्यात माणशी एक छोटी पिशवी न्यायची. दोन रात्रींचे कपडे, औषधे आणि खाण्याचा डबा एवढे पुरते.

चालायची दिशा मागोमेकडून त्सुमागोकडेच ठेवावी. मागोमे साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, मधली खिंड ८०० मीटरच्या आसपास आणि त्सुमागो ४२० मीटरवर. म्हणजे चढ २०० मीटर आणि पुढे बराच उतार. उलट बाजूने चढ जवळजवळ दुप्पट होतो. कमाटीबागेत रोज तासभर फिरणाऱ्याला किंवा माचीपासून पावागडच्या पायऱ्या चढणाऱ्याला हे अंतर जड नाही. गुडघे दुखत असतील तर मागोमेहून बसने खिंडीपर्यंत जावे आणि फक्त उतार चालावा. बसच्या दिवसातून मोजक्याच फेऱ्या असल्याने वेळापत्रक कार्यालयातून आधी घ्यावे. उतारावर ओल्या पानांनी दगड निसरडे होतात, म्हणून तळाला खाचा असलेले बूट हवेत, गुळगुळीत चपला नकोत. वाटेत ठिकठिकाणी मोठ्या घंटा टांगल्या आहेत. त्या शोभेसाठी नाहीत: अस्वलांना माणसाची चाहूल लागावी म्हणून त्या जोरात वाजवत जायचे असते.

खिंड ओलांडून उतरू लागले की एक जुने लाकडी घर लागते, तातेबा चहाघर. आपल्याकडची पाणपोई जशी असते तशीच याची रीत. गावातले स्वयंसेवक चुलीजवळ बसून येणाऱ्याला चहा देतात आणि पैसे मागत नाहीत. दानपेटी ठेवलेली असते, तिच्यात यथाशक्ती टाकावे. अर्धा तास तरी इथे बसावे, कारण पुढच्या वाटेची खरी माहिती, कुठे चिखल आहे, कुठला फाटा बंद आहे, ती इथेच मिळते. पुढे ओदाकी आणि मेदाकी हे जोडधबधबे वाटेपासून जरासे खाली आहेत, तेवढे उतरण्याजोगे नक्की आहेत.

आता मुक्काम. त्सुमागोत रात्र काढलीच पाहिजे, कारण दुपारची गर्दी चार-पाचला ओसरते, दुकाने बंद होतात आणि मग कंदिलांच्या उजेडात गल्ली मोकळी मिळते. मिन्शुकु म्हणजे घरगुती निवास. दर माणशी असतो, त्यात रात्रीचे आणि सकाळचे जेवण धरलेले असते. जेवण सहाच्या सुमारास, तेही सर्वांना एकदम. उशिरा पोचणाऱ्यासाठी ताट वाढून ठेवत नाहीत आणि गावात रात्री उघडे हॉटेल मिळणे कठीण. पैसे बहुतेक ठिकाणी रोख लागतात, म्हणून नागोयातच टपाल कार्यालयाच्या किंवा सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढून ठेवावे. आपली कार्डे तिथे चालतात. झोपायला तातामी चटईवर गादी असते. ज्यांना जमिनीवरून उठणे अवघड जाते त्यांनी खुर्ची आणि पलंगाची चौकशी बुकिंग करतानाच करावी.

शाकाहारी माणसाला मात्र हे ताट अवघड जाते. किसोच्या पाहुणचारात नदीचे मासे हमखास असतात, आणि या भागात टोळ व गांधीलमाशीच्या अळ्याही आवडीने खातात. मासा बाजूला सारता येतो, पण खरी अडचण दाशीची, म्हणजे रस्सा, सोबा शेवया आणि भाजी ज्या पाण्यात शिजते त्या पाण्याची. ते बहुधा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात आणि डोळ्यांना दिसत नाही. 'शाकाहारी' एवढाच शब्द सांगितला तर तिकडचा माणूस मांस काढतो आणि दाशी तशीच ठेवतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे, आणि तोंडपाठ ठेवावे: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस.' मांस व मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही, असा त्याचा अर्थ. पर्याय म्हणून कोंबू, म्हणजे समुद्रशेवाळाची दाशी सुचवावी. ऐन वेळी दारात सांगितले तर त्यांची तारांबळ होते आणि आपल्या ताटात भात नि लोणचे उरते.

मठांतले शोजिन र्योरी हे जेवण मांसमाशांशिवाय असते आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. बडोद्यातल्या जैन शेजाऱ्यांना हे ऐकून आनंद होतो, पण त्यात मुळा, गाजर आणि गोबो ही मुळे असतात, तेव्हा कंदमूळ न खाणाऱ्यांनी तरीही विचारावे.

खोऱ्यातले निर्धास्त खाणे तीन प्रकारचे. नाकात्सुगावाचे कुरी किंतोन: चेस्टनट आणि साखर एवढेच घालून फडक्यात पिळून आकार दिलेली मिठाई, पेढ्याची चुलत बहीण म्हणावी अशी, शरद ऋतूत मिळते. दुसरे सुंकी, सलगमच्या पानांचे मिठाशिवाय आंबवलेले लोणचे, चवीला चांगलेच आंबट. तिसरे गोहेइ मोची: अर्धवट कुटलेला भात काडीवर थापून भाजतात आणि वर अक्रोड, तीळ, सोयाचा गोडसर लेप लावतात. लेपात मिरिन हे तांदळाचे मद्य असू शकते, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे.

घरून न्यायचे तर ठेपले, मेथीच्या पुऱ्या, कोरडा चिवडा, मेतकूट हे उत्तम. बडोद्याचा लीलो चिवडा मात्र ओलसर, तो प्रवासात टिकत नाही. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता बॅगेत ठेवू नये. तपासणीचे प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर काढून घेतात. औषधांचेही तसेच. डॉक्टरने लिहून दिलेली औषधे स्वतःसाठी एक महिन्याची चालतात, त्याहून अधिक असतील तर आधी परवानगी लागते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोइफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त आहे त्या नेणे गुन्हा आहे, म्हणून स्ट्रिपच्या मागचे घटक वाचूनच पिशवी भरावी.

तिसरी सोय स्वयंसेवक वाटाड्यांची. ही या खोऱ्यापुरती नाही, देशभर त्यांची मंडळे आहेत आणि जपानच्या पर्यटन संस्थेच्या संकेतस्थळावर शहरवार यादी मिळते. निवृत्त शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशी स्थानिक माणसे इंग्रजीतून गाव दाखवतात. फी नसते, पण त्यांचे गाडीभाडे, प्रवेशशुल्क आणि बरोबर असतील तेव्हाचे जेवण पाहुण्याने द्यायचे. टीप देऊ नये, ती घेत नाहीत; लाडू किंवा चिक्कीचा छोटा डबा आनंदाने स्वीकारतात. निदान दोन-तीन आठवडे आधी अर्ज करावा आणि त्यात माणसे किती, वये काय, किती चालू शकतात, काय खात नाहीत हे सगळे लिहावे. जितके नेमके लिहाल तितका बरा माणूस जोडून देतात. 'बघू, सकाळी ठरवू' ही आपली पद्धत इथे चालत नाही: दहा वाजता म्हणजे दहाला पाच कमी. हे परवानाधारक गाइड नव्हेत, त्यामुळे खरेदीची घासाघीस किंवा दिवसभराची मोटार यांची अपेक्षा ठेवू नये.

मात्सुमोतोच्या किल्ल्यात ही सोय फार उपयोगी पडते. शिनानो एक्सप्रेसच्याच मार्गावर हे शहर आहे. बाहेरून पाच मजली दिसणारा किल्ला आत सहा मजल्यांचा आहे आणि एके ठिकाणी जिन्याचा कोन ६१ अंशांचा, जवळजवळ शिडीच. वाटाड्या असला तर कुठून परत फिरावे हे तो वेळेत सांगतो. आजी-आजोबांनी अंगणातून आणि खंदकाच्या काठाने पाहिले तरी दृश्यात काही उणे राहत नाही.

वेळेच्या बाबतीत बडोदेकरांचे नशीब चांगले. दिवाळीची सुट्टी आणि किसोतली पाने लाल होण्याचा काळ, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, अनेकदा जुळतात. २०२६ मध्ये दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. वसंतात जायचे तर एप्रिलचा मध्य बरा, आणि २९ एप्रिल ते ५ मे हे दिवस टाळावे, तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर असतो.

जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवसांचा रेल्वे पास, या प्रवासाला घेऊ नये. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला आणि एवढ्या संथ फिरण्यात तेवढ्याची तिकिटे होतच नाहीत. व्हिसाच्या अर्जात दिवसवार कार्यक्रम लागतो, त्यात मिन्शुकुचा पत्ताही घालावा. ई-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही.

सगळ्यात कच्चा दुवा परतीचा. त्सुमागोहून जवळचे स्टेशन नागिसो, बसने दहा मिनिटांच्या आत, पण बस थोड्या आणि तिथे थांबणाऱ्या एक्सप्रेस त्याहून थोड्या. गाडी आधी ठरवावी, बस तिला जुळवावी, आणि जुळत नसेल तर आदल्या संध्याकाळीच घरमालकिणीला सांगून टॅक्सी बोलावून ठेवावी. तिकीट कागदी काढावे, तोक्योत घेतलेल्या, फाटकावर टेकवायच्या रेल्वे कार्डाच्या भरवशावर या डोंगरी स्टेशनात उतरू नये.