अडकलेलं अपडेट आणि ‘सपोर्ट’चा नंबर

विंडोजचं अपडेट अडकल्यावर बहुतेक जण जे पहिलं काम करतात, तिथेच खोट्या टेक सपोर्टची फसवणूक टपून बसलेली असते. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, ३५ टक्के, संगणक बंद करू नका’ एवढंच दिसतं. ठिपके गोल फिरत राहतात, तास उलटतो, आकडा जागचा हलत नाही. मग मोबाईलवर ‘अपडेट अडकलं, काय करू’ असं शोधलं जातं आणि वरच्याच दोन-चार उत्तरांत एक फोन नंबर मिळतो. सोबत नाव मायक्रोसॉफ्टचं, चिन्हही तेच. नंबर मात्र भलत्याचाच.

असे नंबर जाहिरातींतून इतके पसरले होते की मायक्रोसॉफ्टच्याच ‘बिंग’ या शोधयंत्राने मे २०१६ मध्ये त्रयस्थांच्या टेक सपोर्टच्या जाहिराती बंद केल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलनेही त्यांच्यावर निर्बंध जाहीर केले. तेव्हापासून नंबरांनी वाट बदलली. ते आता व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत, प्रश्नोत्तरांच्या पानांवर, नकाशावरच्या खोट्या नोंदींत सापडतात. दुसरी वाट पॉपअपची. ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो आणि ‘अपडेट अयशस्वी, ताबडतोब फोन करा’ असा मजकूर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी निम्म्याहून अधिक सापळे तिथल्या तिथे ओळखू येतात.

फोन लागला की पलीकडचा माणूस आधी धीर देतो आणि मग रिमोट जोडणी मागतो, म्हणजे त्याला दुरून तुमचा संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा अस्सल असतं, कार्यालयांत रोज वापरलं जाणारं. त्यामुळे अँटीव्हायरस हू की चू करत नाही. कधी तर काही उतरवून घ्यावंही लागत नाही, कारण विंडोजमध्येच ‘क्विक असिस्ट’ आहे. त्यात मदत करणारा कोड देतो आणि घेणारा तो टाकतो. भामट्यांनी याच सोयीचा गैरवापर केल्याचं मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये स्वतः जाहीर केलं. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोड तिथे टाकणं म्हणजे माउस आणि कीबोर्ड त्याच्या हातात देणं.

यानंतर ‘तपासणी’ होते. हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी असते, खोटा असतो तो तिचा लावलेला अर्थ. धडधाकट संगणकावरही हेच सगळं दिसतं.

सुरुवात बहुधा इव्हेंट व्ह्यूअरने होते. लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी दाखवून ‘एवढे व्हायरस’ असं सांगितलं जातं. ही विंडोजची रोजनिशी असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा उठली तरी तिच्यात नोंद पडते. डीकॉम या विंडोजच्या अंतर्गत यंत्रणेच्या परवानगीबद्दलची १००१६ क्रमांकाची नोंद तर जवळपास प्रत्येक संगणकावर सापडते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा, असं मायक्रोसॉफ्टच सांगते.

मग काळी खिडकी उघडून ‘असॉक’ (assoc) ही आज्ञा दिली जाते. यादीच्या शेवटाकडे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ येते, ८८८डीसीए६० ने सुरू होणारी. ‘हा तुमच्या संगणकाचा लायसन्स क्रमांक, पाहा आमच्याकडेही हाच आहे’ म्हणत तो माणूस क्रमांक वाचून दाखवतो. जुळतो अर्थातच. तो क्रमांक ‘फाईल झिप फोल्डरमध्ये पाठवा’ या सोयीचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच आहे. ही युक्ती बरीच जुनी आहे, पण अजून चालते, कारण क्रमांक जुळला की शंका घेणाऱ्याचीच पंचाईत होते.

संगणकाच्या चालू जोडण्या दाखवणाऱ्या ‘नेटस्टॅट’ या आज्ञेच्या यादीत ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असा रकाना असतो. ‘बघा, परदेशी हॅकर जोडलेले आहेत’ असं त्याचं भाषांतर करून दिलं जातं. फॉरेन म्हणजे इथे फक्त जोडणीचं पलीकडचं टोक. उघडलेलं प्रत्येक संकेतस्थळ त्या रकान्यात येणारच. गंमत म्हणजे त्या वेळी त्या यादीत खरोखर खटकणारी जोडणी एकच असते, फोनवरच्या माणसाची.

सेवांची यादी उघडून ‘स्टॉप्ड’ लिहिलेल्या ओळी मोजणं हा आणखी एक प्रकार. अपडेट अडकलेल्यांसाठी तो फार पटण्याजोगा असतो, कारण त्या यादीत ‘विंडोज अपडेट’ हीच सेवा थांबलेली दिसू शकते. पण ती कायम चालू राहण्यासाठी नसतेच. गरज पडली की उठते, काम झालं की थांबते. निम्म्या सेवा तशाच असतात.

सगळ्यात नाटकी प्रकार ‘ट्री’ आज्ञेचा. ती सारे फोल्डर भराभर पडद्यावर ओतते, ‘स्कॅन’ चालल्यासारखं वाटतं. यादी धावत असताना समोरचा माणूस गुपचूप ‘सिस्टिम बाधित, अपडेट लायसन्स संपले’ असं काहीतरी टाईप करतो. ती अक्षरं लगेच दिसत नाहीत. यादी संपल्यावर शेवटच्या ओळीत आपोआप उमटतात, निकाल लागल्यासारखी. पडताळा सोपा आहे. त्या ओळीवर एंटर दाबा, विंडोज म्हणेल की अशी आज्ञा मला माहीत नाही.

‘स्कॅन’ नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर दाखवलं तरी फार वेगळं काही नसतं. अमेरिकेत २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने निकाली काढलेल्या एका प्रकरणात तपासणीचा निकाल ठरत होता तो ग्राहकाला सुरुवातीला विचारलेल्या चार प्रश्नांवर. ‘संगणक मंद झालाय का’ यासारख्या एखाद्या चौकोनात खूण केली की मालवेअरची लक्षणं ‘सापडत’. यंत्र तपासून काही फरकच पडत नव्हता.

आता पैशाची गोष्ट निघते. ‘अपडेटचं लायसन्स संपलंय’ असं सांगतात. असं वेगळं लायसन्स नसतं, सक्रिय केलेल्या विंडोजची अपडेट्स मोफत असतात. विंडोज १० वाल्यांना घाबरवायला अर्धसत्यही हाताशी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला खरंच संपला. त्यापुढची वाढीव सुरक्षा अपडेट्स मात्र सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच घ्यायची असतात, फोनवर कुणाला पैसे देऊन नव्हे.

पैसे पोचल्यावर जे ‘काम’ होतं, ते पाहिलं की चीड येते. तात्पुरत्या फाईलींचं टेम्प फोल्डर रिकामं करणं, एक-दोन मोफत आज्ञा चालवणं आणि उरलेला वेळ गप्प बसून राहणं. अडकल्यासारखी वाटणारी बरीच अपडेट्स मुळात अडकलेली नसतात, हळू चालत असतात. तासा-दोन तासांनी ती आपोआप पुरी होतात आणि श्रेय त्या माणसाला मिळतं. म्हणून अनेकांना आपण फसलो हे कळतच नाही. कळतं ते काही आठवड्यांनी पुन्हा फोन येतो तेव्हा. ‘आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत.’ पुन्हा रिमोट जोडणी, बँकेचं पान उघडायला लावणं आणि क्षणभर काळा झालेला पडदा. तेवढ्यात ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून पानावरच्या शिलकीत एक शून्य वाढवलं जातं किंवा तुमच्याच एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात हलवली जाते. ‘चुकून जास्त आले, उरलेले गिफ्ट कार्डने परत करा’, ही विनवणी त्यानंतरची. पान एकदा रिफ्रेश केलं की वाढवलेलं शून्य गळून पडतं. खात्यांमधली हलवाहलव मात्र व्यवहारांच्या यादीतच दिसते, म्हणून ती दुसऱ्या उपकरणावरून उघडून पाहावी.

या धंद्याचा नवा अवतार फोनशिवाय चालतो. ब्राउझरमध्येच हुबेहूब निळा अपडेटचा पडदा येतो, टक्के वाढतात आणि शेवटी सूचना: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानाने आधीच क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते. ती अशा रीतीने तुम्हीच चालवता. खरं अपडेट कधीही अशी बटणं दाबायला सांगत नाही आणि रीस्टार्ट न होता मध्येच पडदा व्यापत नाही. असा पडदा आला की एस्केप दाबून धरा किंवा एफ११ दाबा. तरी हटला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं आणा’ याला नाही म्हणा.

खरंच अडकलेल्या अपडेटचं काय? आधी ते कुठे थांबलंय ते पाहा. रीस्टार्टच्या पडद्यावर असेल तर डिस्कचा दिवा पाहा. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर हात लावू नका. एसएसडी या वेगवान डिस्कवर काम सहसा तासाच्या आत उरकतं, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठ्या आवृत्तीला चार तासही लागतात. टक्क्यांवर जाऊ नका, ते सारख्या गतीने वाढत नाहीत. दिवा तासन् तास गप्प असेल तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करा. विंडोज अनेकदा स्वतःच बदल मागे घेऊन सुरू होतं. लागोपाठ दोनदा सुरू होताना अडलं तर दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात प्रगत पर्यायांखाली ‘अपडेट्स काढा’ आहे. महिन्याचं नेहमीचं अपडेट असेल तर ‘क्वालिटी’, मोठी आवृत्ती असेल तर ‘फीचर’ निवडायचं. मोठ्या आवृत्तीवरून मागे फिरायला साधारण दहा दिवसच मिळतात, नंतर जुन्या फाईली पुसल्या जातात.

सेटिंग्जमध्येच डाउनलोड शून्यावर किंवा शंभरावर खिळलं असेल तर कारण बहुधा साधं असतं. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळी जागा हवी. तारीख-वेळ चुकली असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. व्हीपीएन बंद करून पाहा. विंडोजचा दोष शोधणारा ट्रबलशूटर चालवा. एवढ्याने भागलं नाही तर सर्व्हिसेसची खिडकी उघडून ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा थांबवा आणि विंडोज फोल्डरातल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’चं नाव बदला. फोल्डर वापरात आहे असं आलं तर मधल्या वेळात एखादी सेवा पुन्हा उठली आहे, ती थांबवून लगेच नाव बदला. मग रीस्टार्ट. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवतं आणि अर्धवट उतरलेली फाईल पहिल्यापासून आणतं. अपडेटचा इतिहास रिकामा दिसेल, बसलेली अपडेट्स जागेवरच असतात.

तरीही हटत नसेल तर अ‍ॅडमिन हक्कांनी टर्मिनल उघडून आधी डीआयएसएम (DISM) ही दुरुस्तीची आज्ञा चालवा, त्यापुढे ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ, प्रत्येकाआधी तिरकी रेघ (/). ते संपलं की विंडोजच्या फाईली तपासणारी एसएफसी (SFC) आणि तिरक्या रेघेनंतर स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाईली घेतं, तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं. डीआयएसएम मध्येच एका टक्क्यावर बराच वेळ थांबतं, त्याने घाबरून खिडकी बंद करू नये.

त्रुटीचा क्रमांक शोधताना अडचणीचं वर्णन आणि नंबर एकत्र देणारी पानं टाळा. शून्य-एक्स-८००७००७० म्हणजे जागा कमी, इतकंच. काही वेळा दोष तुमच्या यंत्राचा नसतोही. जानेवारी २०२४ मधलं केबी५०३४४४१ हे अपडेट शून्य-एक्स-८००७०६४३ दाखवून असंख्य संगणकांवर अयशस्वी होत होतं. रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात, जागा अपुरी होती आणि मायक्रोसॉफ्टने ते २५० एमबीने वाढवायची कृती दिली होती. अशा वेळी ‘मी दहा मिनिटांत करतो’ म्हणणारा माणूस तुमच्या पार्टिशनशी खेळतोय हे लक्षात घ्या. बॅकअपशिवाय कुणालाही तिथे हात लावू देऊ नका.

रिमोट जोडणी देऊन बसला असाल तर आधी केबल काढा किंवा वायफाय बंद करा. खिडकी नुसती मिटू नका, कारण ही सॉफ्टवेअरं पासवर्ड साठवून तुमच्या गैरहजेरीतही जोडू देतात. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला, पहिला ईमेलचा. ईमेलमध्ये तुमचे मेल दुसरीकडे पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम कुणी बसवलाय का तेही बघा, तो पासवर्ड बदलूनही टिकतो. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला. रिमोट सॉफ्टवेअर काढून टाका, मग टास्क शेड्युलर आणि स्टार्टअपच्या याद्या तपासा, अनोळखी यूझर खातं दिसतंय का पाहा. पूर्वी हे लोक विंडोजमधली ‘सिसकी’ (Syskey) ही सोय वापरून संगणकालाच कुलूप लावत. ती सोय विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून काढून टाकली आहे, म्हणून आता ते पिन किंवा पासवर्ड बदलतात.

ते किती वेळ आत होते आणि काय उतरवलं हे सांगता येत नसेल तर सफाईपेक्षा विंडोज नव्याने टाकणं बरं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा. त्याआधी बाधित संगणकावरचे फोटो-कागदपत्रं तेवढीच बाहेर काढा, प्रोग्रॅम नको. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती आधी कागदावर उतरवून ठेवा. फोनवर वाचून दाखवू नका, ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून येणाऱ्या तिसऱ्या फोनवर तर नाहीच.